हातचा

गणितातला हातचा मी एकदा खाल्ला, हे नातीला अजून सांगितलेलं नाही. मॅट्रिकला गणितात पहिली आलेली मी शहाणी सून! लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मामंजी खळ्यात नारळ मोजत होते. शंभर झाले की द्रोणातलं एक करवंद माझ्या हातावर ठेवायचे. मला वाटलं, सुनेचे लाड चाललेत. मी लाजत लाजत एकेक तोंडात टाकत गेले.

ढीग संपल्यावर त्यांनी विचारलं, "किती शेकडे झाले गो?"

मी रिकामा हात दाखवला. व्यापाऱ्याचा टेम्पो दारात उभा आणि सगळे नारळ पुन्हा मोजायचे! मी रडकुंडीला आले. मामंजी म्हणाले,

"बाय, शाळेत हातचो घेतलंस, तो ह्योच. हातात रवता म्हणान हातचो. चल, परत मोजूया. पण उरलेली करवंदा आधी खावन घे."