चिठ्ठीवरचा बाप्तिस्मा

माझ्या आत्म्याचं तारण झालं आहे की नाही, ही शंका वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मला कधी शिवली नव्हती. इतरांच्या तारणाबद्दल मात्र मला नेहमीच दाट शंका असे. मी विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. चिठ्ठी दाखवल्याशिवाय मी कुणाला खिळासुद्धा दिला नाही, आणि तोच खाक्या मी आमच्या चर्चच्या मंडळीतही चालवला. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीची थाळी बाकांवरून फिरवायचं काम माझ्याकडे होतं. बाप्तिस्मा न झालेला माणूस बाकावर असला की त्याच्या नाकासमोरून थाळी अलगद उचलून पलीकडच्याच्या हातात द्यायची, ह्यात माझा हात चांगलाच बसला होता. त्यात आपण कुणाला दुखावतो आहोत असं मला वाटत नसे. नियम म्हणजे नियम.

सर्वांत मागच्या बाकावर सोनाबाई बसत. स्टेशनबाहेर पालेभाजी विकणाऱ्या, साठीच्या, अक्षरओळख नसलेल्या. सहा वर्षांत त्यांचा एक रविवार चुकला नसेल, आणि बाप्तिस्म्याची त्यांना फार आस होती. पण बाप्तिस्म्याआधीचा वर्ग मी घेत असे, आणि त्या वर्गात मी त्यांना सलग तीन वर्षं नापास केलं होतं. दहा आज्ञा ओळीनं म्हणता आल्या पाहिजेत, अशी माझी अट. सोनाबाई पाचवीपर्यंत नीट यायच्या, मग थेट नववीवर उडी मारायच्या आणि तिथून पुन्हा चौथीवर परतायच्या. चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, स्वभावानं भिडस्त. ते एकदा म्हणाले, आता देऊन टाकू या बाप्तिस्मा. मी त्यांना सांगितलं की पाण्यावाचून तारण नाही हे खरं, पण पाठांतरावाचून पाणी नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की पुढे महिनाभर मी ते ज्याला त्याला ऐकवलं.

आमच्या चाळीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या वर्षी मी पंचांच्या सभेत एक ठराव मांडला. गावाकडून येणारे लोक नुसत्या तोंडी शब्दावर थाळीला हात लावतात, तर इथून पुढे प्रत्येकानं बाप्तिस्म्याचा दाखला आणावा. ठराव पास झाला आणि सुरुवात स्वतःपासून करावी म्हणून मीच पहिलं पत्र नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी टाकलं. पंधरा दिवसांत दाखला आला. नाव, बापाचं नाव, वय वर्षं पाच, खाली गोल शिक्का. मी तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून भिंतीवर लावला.

त्याच आठवड्यात माझा आतेभाऊ शांतवन घरी आला. तो चेंबूरला राहायचा आणि लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचा. चर्चमध्ये नाताळ सोडला तर दिसायचा नाही. त्यानं दाखला वाचला आणि असा हसत सुटला की चहा त्याच्या नाकात गेला.

"अरे, हा तू नाहीसच," तो म्हणाला. "हा मी आहे."

मग त्यानं सांगितलं ते असं. आमच्या गावी गोरे मिशनरी साहेब दोन वर्षांतून एकदा यायचे आणि तोवर साठलेल्या सगळ्या पोरांना रांगेत उभं करून एका दमात बाप्तिस्मा द्यायचे. त्या दिवशी माझे आईबाप शेतावर होते आणि मला आत्याच्या हवाली केलेलं. साहेबांची दाढी पाहून मी पळालो आणि धान्याच्या कणगीत जाऊन बसलो. आत्यानं गाव पालथं घातलं. माझी आई तापट, ती फाडून खाईल म्हणून आत्यानं शेवटी युक्ती केली. बाप्तिस्मा झालेल्या शांतवनचं डोकं पुसलं, त्याच्या अंगात माझा सदरा घातला आणि त्याला पुन्हा रांगेच्या शेवटी उभं केलं. साहेबांना आम्ही सगळे सारखेच दिसायचो. आत्या वारली तेव्हा जाता जाता हे त्याला कबूल करून गेली होती.

मी भिंतीवरच्या दाखल्याकडे पाहिलं. कारखान्यात ह्याला आम्ही म्हणायचो, चिठ्ठी आहे, माल नाही. असा घोटाळा सापडला की मी माणसाला तासभर उभं करत असे. शांतवन मात्र उदार झाला. म्हणाला, "माझे दोन झालेत. एक तू घे."

हे कुणाला कळण्याची भीती नव्हती. कागद पक्का होता. पण त्याच शुक्रवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलेलं, आणि पाळकसाहेब सभेसाठी नगरला गेलेले, ते रविवारनंतर परतणार. टेबलावर काही बरंवाईट झालं तर मी कुठे जाणार, हे मला माझ्याच वाक्यानं सांगून टाकलं होतं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. बायकोला वाटलं, मी सुरीला घाबरलो आहे.

तेव्हा मला वर्गात मीच शिकवलेली एक गोष्ट आठवली. अगदी मरणाची वेळ असेल तर कोणीही ख्रिस्ती माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. शुक्रवारी सकाळी शांतवन इस्पितळात भेटायला आला. ज्यानं माझा बाप्तिस्मा नेला त्यानंच तो परत करावा, हे मला रास्त वाटलं. त्यानं शेजारच्या खाटेवरून पेलाभर पाणी आणलं. शब्द त्याला येत नव्हते, ते मी हळू आवाजात सांगत होतो आणि तो लग्नातल्या गाण्याच्या चालीवर ते म्हणत होता. पेला माझ्या डोक्यावर येतो न येतो तोच सिस्टर आल्या. खाटेला पाटी होती, पाणीसुद्धा देऊ नये. मी पाणी पितो आहे असं समजून त्यांनी पेला हिसकावला, शांतवनला वॉर्डाबाहेर काढलं आणि मला असं झापलं की जन्मात कुणी झापलं नसेल. त्यांच्या गळ्यात क्रूस होता. बाप्तिस्म्याचं त्यांनाच विचारावं असं मनात आलं, पण हिंमत झाली नाही.

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. रडूही आलं. इतक्यात पायाशी कुणीतरी म्हणालं, "सलाम, भाऊ. तुम्ही इथं कसं?"

सोनाबाई होत्या. त्यांच्या शेजारणीची मुलगी बाळंत झाली होती, तिला बघायला आल्या होत्या. पाट्या वाचता येत नसल्यानं वाट चुकून पुरुषांच्या वॉर्डात शिरल्या. योगायोग म्हणणाऱ्यानं खुशाल म्हणावं. मी बायकोलाही न सांगितलेलं सगळं त्या बाईला सांगून टाकलं. कणगीपासून पेल्यापर्यंत. मला वाटलं, आता ही हसेल, आणि तिचा तो हक्कच होता.

त्या हसल्या नाहीत. स्टुलावर बसून म्हणाल्या, "भाऊ, मला तर काही पाठ होत नाही. मी त्याला रोज येवढंच म्हनते, मी ही अशी हाये, आता तूच बघ."

"आणि मग?"

"मग काय? भाजी घेऊन बाजारात जाते."

थोड्या वेळानं मला आत नेलं. माझ्यापाशी दाखला नव्हता, पाणी नव्हतं, आज्ञासुद्धा त्या घटकेला चौथीनंतर आठवेनात. मी फक्त म्हणालो, मी हा असा आहे, आता तूच बघ. आणि खरं सांगतो, बावन्न वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे बघतं आहे, असं मला वाटलं. मला भीती उरली नाही. गुंगीचं औषध त्यानंतर दिलं, हे मुद्दाम नमूद करतो.

बरा होऊन मंडळीत गेलो आणि उपासनेत उभा राहून सगळं कबूल केलं. शांतवन, जो नाताळ नसताना आला होता, तोंडावर रुमाल धरून बसला होता. पाळकसाहेबांना मी नंतर विचारलं की त्या दिवशी मेलो असतो तर माझं काय झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुम्ही मेला नाहीत ते बरं झालं, नाहीतर मला उत्तर शोधावं लागलं असतं." आणि जाता जाता हळूच म्हणाले की बाप्तिस्मा टाळू नये, पण देव त्याच्यासाठी अडून बसत असेल असं त्यांना वाटत नाही.

माझा आणि सोनाबाईंचा बाप्तिस्मा एकाच रविवारी झाला. आदल्या दिवशी मी त्यांना आज्ञा विचारल्या. त्या पाचवीवरून नववीवर गेल्या, आणि मी म्हणालो, पुरे. त्या दिवशी थाळी दुसऱ्याच्या हातात होती आणि आम्ही दोघं मागच्या बाकावर शेजारी बसलो होतो. देवानं मला कणगीतून बाहेर काढायला सत्तेचाळीस वर्षं वाट पाहिली, ह्याबद्दल मी त्याचे आभार मानत होतो. थाळी सोनाबाईंकडे आली. त्यांनी आपला तुकडा घेतला आणि थाळी माझ्यापुढे धरली. माझा हात काही केल्या पुढे होईना.

"घ्या, भाऊ," त्या कानाशी म्हणाल्या. "हितं चिठ्ठी लागत न्हाई."