कडकन मोडणारी ज्वारी

माझ्या संशोधनाला सुरुवात झाली ती मी पडले म्हणून. हैदराबादला वनस्पतींच्या आनुवंशिकतेवर पीएच.डी. करायला नाव घातलं होतं, पण विषय काही सापडत नव्हता. ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. दिवाळीला आदिलाबादकडच्या वांकिडीजवळ आमच्या गावी आले होते. शेताच्या बांधावरून उतरताना पाय घसरला, आधाराला ज्वारीचा एक धांडा धरला, तो कडकन मोडला आणि मी सपशेल आडवी झाले.

ज्वारीचा धांडा असा मोडत नाही. तो वाकतो, फार पिळला तर चिरतो, त्याचे धागे लोंबत राहतात. हा पापडासारखा तुटला होता. शेजारचे दोन-चार वाकवून पाहिले, तेही तसेच. अंगावरची माती न झटकता मी ओरडले, "बाबा, जीन सापडला!"

बाबा पलीकडे कापूस वेचत होते. "जीन तर आदिलाबादले हाय," ते म्हणाले. आमच्याकडे जीन म्हणजे सरकी काढायचा कारखाना.

मग मी बांधावर बसून त्यांना व्याख्यान दिलं. झाडाच्या पेशीला भिंत असते, त्या भिंतीला ताकद येते सेल्युलोजच्या बारीक तंतूंनी, ते तंतू कसे बनवायचे याची शिकवण बीजातून येते आणि या झाडांत ती शिकवण कुठेतरी चुकली आहे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे हिच्या खानदानातच खोट हाय."

माझ्या प्रबंधाचा सारांश त्यांनी तिथेच सांगून टाकला होता, पण मला मोठे शब्द हवे होते.

त्या मोडक्या झाडांचं बियाणं मी जपून ठेवलं. पुढच्या पावसाळ्यात ते पेरलं, तर सगळीच झाडं ठिसूळ निघाली. मग फुलोऱ्याच्या वेळी सुटी काढून आले आणि त्यांचा नेहमीच्या ज्वारीशी संकर केला. भुवया कोरायच्या चिमट्याने एकेका फुलातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या कणसाचे परागकण झटकायचे आणि वर पिशवी बांधायची. कागदी पिशव्या पावसाने भिजून फाटल्या, तेव्हा आईच्या जुन्या पोलक्यांचं कापड फाडून कणसांना बांधलं. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघत. माझ्या आत्याने, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीने, येऊन चौकशी केली, "जवारीले पोलकं काऊन घातलं वं?"

"लग्न लावून राह्यली मी," मी म्हटलं. आत्याला ते पटलं. माझं स्वतःचं लग्न जमत नव्हतं, त्याची कारणं तिला आता दिसायला लागली असावीत.

अशा ठिसूळपणाचे जे नमुने पुस्तकांत होते, त्यांत तो गुण पहिल्या पिढीत दबून राहत असे. माझा तसा नसणार, अशी माझी खात्री होती. कारण काय, तर तो माझा होता. मी बाबांना, आत्याला आणि न विचारणाऱ्या शेजाऱ्यांनाही सांगून टाकलं, की संकराची झाडं हात लावताच मोडतील.

पुढच्या हंगामात ती उगवली. मी हात लावला. मग दोन्ही हातांनी जोर लावला. एकही मोडेना. बाबा म्हणाले, "असू दे माय. चांगली जवारी आली, काय बिघडलं?" मी हैदराबादला जाऊन मार्गदर्शकांपुढे रडवेली होऊन बसले. ते हसले. "गुण दबलेला निघाला, म्हणजे पुढच्या पिढीत चारांतलं एक झाड मोडेल. हे तू बी.एस्सी.ला शिकली नाहीस?"

शिकले होते. शिकवलंही होतं, शिकवणीच्या मुलींना.

त्या संकराच्या झाडांचं बियाणं पुढच्या पावसाळ्यात पेरलं. दिवाळीला कणसं खुडून झाली आणि उभे धांडे तपासायची वेळ आली. प्रत्येक धांडा एकाच उंचीवर, एकाच जोराने वाकवायचा होता. काम लवकर व्हावं म्हणून बाबा आले, आत्याही पदर खोचून आली. बाबांच्या ओळीत काही मोडत होते, बरेच वाकत होते. आत्याच्या ओळीतून मात्र कडकड असा एकसारखा आवाज येत होता. जाऊन पाहिलं तर तिने पायाखाली दाबदाबून सगळी ओळ आडवी केली होती.

"आत्या, मोडायचे नाही, वाकवून बघायचे!"

"मंग आधी सांगाव लागत होतं ना! मी म्हनलं पोरीचं काम निपटवून टाकू."

आत्याची ओळ हिशोबातून काढली. उरलेल्यांत मोडणारी झाडं साधारण चौथा हिस्सा भरली, तेव्हा मी शेतात अक्षरशः उड्या मारल्या. पदवी मिळाली. तो जीन प्रत्यक्षात कोणता, हे मात्र मला कधीच सापडलं नाही. ते हुडकायची साधनं आमच्याकडे नव्हती आणि खरं सांगायचं तर माझी तेवढी कुवतही नव्हती. मी आदिलाबादला कॉलेजात शिकवायला लागले.

नव्वदच्या दशकात एकदा वाचनात आलं, की परदेशात कुणीतरी सेल्युलोज बनवणारे जीन पकडले, आणि तेही कापसात. साहजिकच होतं. कापसाचा तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी, आणि पिकला की जवळजवळ नुसतं सेल्युलोज. त्या आठवड्यात गावी गेले, तर आमच्या घरात छतापर्यंत कापूस भरलेला होता. त्याच्यावरच बसून मी बाबांना ही बातमी सांगितली.

बाबांनी ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे सारं त्या सेलूलोजचंच हाय?"

"हो."

"अन् तू इतकी वर्षं जवारीत हुडकून राह्यली होती?"

मी मान हलवली. बाबांना हसू आवरेना, तशी चुलीजवळची आत्या काय झालं म्हणून विचारत आली, आणि तिला ते समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं.