माहेरच्या नावाची पाकिटं

कलबुर्गीत माझं आता डिझाइनचं दुकान आहे. महिन्याकाठी एखादा तरी नवा जिमवाला येतो, दंड फुगवलेला स्वतःचा फोटो मोबाईलवर दाखवतो आणि म्हणतो, "अण्णा, असं करा की बघताक्षणी लोक मेंबर झाले पाहिजेत." मी मान डोलावतो आणि त्याचे दंड आणखी थोडे फुगवून देतो. बघताक्षणी म्हणे! मी आजवर किती पत्रकं केली याचा हिशेब नाही, पण ज्या कागदामुळे माणसं खरोखर घराबाहेर पडली असा एकच माझ्या हातून झाला. त्यावर फोटो नव्हता.

दहा-बारा वर्षं झाली असतील. मी तेव्हा भालकीत, बसस्टँडच्या मागच्या गल्लीतल्या एका छापखान्यात डीटीपी करायचो. आम्ही मुख्यतः लग्नपत्रिका छापायचो. कोरी कार्डं हैदराबादहून यायची, कशावर मोर, कशावर पालखी, आणि आतला मजकूर आम्ही मराठीत, कन्नडात, लागलं तर उर्दूतही घालून द्यायचो. शाईचा आणि रॉकेलचा वास कपड्यांना असा बसायचा की आई माझे शर्ट वेगळे भिजवायची. आता इथं माझ्या दुकानाला कसलाच वास येत नाही, एसीचा तेवढा येतो. खोटं कशाला बोलू, त्या वासाची मला अजून आठवण येते.

एका उन्हाळ्यात बाई छापखान्यात आल्या. बाई म्हणजे मुलींच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं खेळ शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या शिक्षिका. उंच, काटक, गळ्यात शिट्टी नसली तरी आहे असं वाटायला लावणाऱ्या. त्यांना बायकांसाठी जिम काढायची होती. धाकट्या भावाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक हॉल रिकामा होता. भावानं तो दिला होता, पण अट घालून. दसऱ्यापर्यंत तीस बायका सभासद झाल्या तर हॉल बाईंचा, नाहीतर मोबाईलचं दुकान काढायला एकजण तयारच बसलेला. बाईंनी निवृत्तीनंतरचं सगळं मन त्या हॉलमध्ये घातलं होतं. दोन सायकली, एक चालायचं मशीन, डंबेल्स, सतरंज्या. खिडक्यांना त्यांनी दुधी कागदसुद्धा स्वतः चिकटवला होता.

"असं काहीतरी छापून दे, की बायका येतील," त्या मला म्हणाल्या.

माझ्या आधी आमचे मालक उठले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. पत्रिकांच्या धंद्यात त्यांचा उभा जन्म गेलेला, आणि छापील कागदाला वजन येतं ते खालच्या नावांमुळं, यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. आमच्याकडं लग्नपत्रिकेत नवरानवरीची नावं दोन ओळींत उरकतात आणि निमंत्रकांची यादी पान भरून असते. काका, मामा, आत्याचे यजमान, गल्लीतले मानकरी. अण्णांनी बाईंच्या पत्रकाला तोच साचा लावला. वर "महिलांसाठी भव्य व्यायामशाळा", आणि खाली "निमंत्रक" म्हणून गावातले सगळे प्रतिष्ठित. निवृत्त अधिकारी, व्यापारी, दोन डॉक्टर, एक वकील. सगळे पुरुष. मी ते कंपोज केलं, आणि यात काही चुकतंय असं माझ्या डोक्यात क्षणभरसुद्धा आलं नाही. आम्ही पत्रिका छापणारी माणसं, आम्हाला कागद म्हटला की मानपान दिसायचा.

पत्रकं पेपरात घालून घरोघरी गेली. दुसऱ्याच दिवशी एक निवृत्त साहेब ते पत्रक हातात फडकवत छापखान्यात आले. "माझं नाव तिसऱ्या ओळीत कामून टाकलाव? माझ्याहून लहान मानूस पहिल्या ओळीत बसलाय!" त्यांच्यामागं आणखी दोघं आले, ज्यांची नावंच राहिली होती. अण्णांनी हात जोडले आणि पत्रक परत छापलं, वाढीव नावांसकट. मजकूर आक्रसून बारीक झाला. जिमची वेळ तर भिंगातून बघावी लागली असती.

उद्घाटनाला हॉल भरला. पन्नासेक पुरुष कडक इस्त्रीत येऊन खुर्च्यांवर बसले. हार झाले, नारळ फुटला, भाषणं झाली. स्त्रीशक्तीवर एकजण इतका वेळ बोलला की चहा दोनदा गरम करावा लागला. सुसल्याच्या, म्हणजे फोडणीच्या चुरमुऱ्यांच्या, बशा फिरल्या. एका काकांनी धोतर सावरत चालायच्या मशीनवर उभं राहून फोटो काढून घेतला. बायका म्हणाल तर होत्या दोन, चहाच्या पातेल्यापाशी. त्यांना बाईंनीच कामाला बोलावलं होतं.

पुढं महिनाभर हॉल रिकामा. मी संध्याकाळी घरी जाताना वर बघायचो, दुधी खिडक्यांमागं दिवा असायचा आणि बाईंची एकटीची सावली फेऱ्या घालत असायची. मला फार अपराधी वाटायचं. कागद माझ्या हातचा होता.

मग एक दिवस त्या आल्या आणि माझ्या टेबलासमोर स्टूल ओढून बसल्या. भाजीबाजारात त्यांना एक जुनी विद्यार्थिनी भेटली होती. बाईंनी तिला विचारलं, पत्रक मिळालं नाही का गं? ती म्हणाली, "मिळालं की बाई. आमच्या मालकानं वाचलं, कोना-कोनाची नावं हायेत ते बघितलं अन् खुंटीला लावलं. त्यो कागद त्यांचा व्हता. मला कुटं कोन बोलवायलंय?"

बाई हे सांगताना हसत होत्या, पण डोळे हसत नव्हते. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "आपण बायकांना बोलावलंच नाही."

दसरा दीड महिन्यावर होता. बाईंनी पिशवीतून एक वही काढली. तिच्यात त्यांनी आठवून आठवून लिहिलेली नावं होती, त्यांच्या हाताखाली खेळलेल्या आणि आता भालकीत नांदणाऱ्या मुलींची. कोण कबड्डीत, कोण खो-खोत, कोण नुसतीच लांब उडी मारायची. समोर आताचे पत्ते, विचारून विचारून मिळवलेले. नावं मात्र सगळी शाळेतली, म्हणजे माहेरची. आमच्याकडं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहायची रीत, आणि त्या दिवसानंतर जुनं नाव हाक मारायला कुणी उरत नाही.

आम्ही पोस्टकार्डाएवढं हळदी रंगाचं कार्ड केलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि तळाला उर्दूच्या चार ओळी. जुन्या गावातल्या एका म्हाताऱ्या चाचांनी त्या बोरूनं लिहून दिल्या, मी स्कॅन केल्या. मजकूर बाईंनी सांगितला तसाच घेतला: फक्त बायकांसाठी. सकाळी अकरा ते एक. साडीत या, ड्रेसमध्ये या, बुरखा ठेवायला आत जागा आहे. दार आतून बंद असतं. मी तुम्हाला खेळताना पाहिलंय.

अण्णा अस्वस्थ झाले. "खाली कोनाचंच नाव न्हाई? लोक इस्वास कसा ठेवतील?" हाताच्या सवयीनं त्यांनी वरच्या कोपऱ्यात गणपती बसवला होता, तोही बाईंनी काढायला लावला. "कार्ड सगळ्या घरांत जायचंय अण्णा. गणपती माझ्या देव्हाऱ्यात आहे, तिथं त्याचं बरं चाललंय." अण्णांनी गणपती काढला, पण संपूर्ण छपाईभर मशीनशी भांडल्यासारखे वागले.

मग पाकिटांवर डकवायच्या पत्त्यांचं काम. बाई वही वाचायच्या, मी टाइप करायचो. वीस-बावीस झाल्यावर माझी बोटं थांबली.

"बाई, हा पत्ता आमचा हाय," मी म्हणालो. "पन ह्या नावाचं आमच्यात कोनी न्हाई. चुकून पडलंय."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "माझी पहिली नोकरी राजेश्वरला होती," त्या म्हणाल्या. "खो-खोत ही पाठीवर थाप पडायच्या आत उठायची. कधी सापडली नाही कुणाला." आणि त्यांनी पुढचं नाव वाचलं.

राजेश्वर म्हणजे आईचं माहेरगाव. तिकडचे आजी-आजोबा मी पाळण्यात असताना गेले, आणि मामा-मावश्या तिला अक्काच म्हणायचे, कारण ती थोरली. वडील हाक मारायचे ते माझ्या नावानं, अमक्याची आई म्हणून. रेशनकार्डावर, बँकेत, मतदार यादीत सगळीकडं लग्नातलं नाव. रोज शेकडो लोकांची नावं जुळवणारा मी, आणि मला सव्विसाव्या वर्षी आईचं नाव एका वहीतून कळलं. लाज वाटली. अजून वाटते.

पाकिटं पोस्टानं नाही, हातानं द्यायची आणि ज्या त्या बाईच्याच हातात द्यायची, हा बाईंचा हुकूम होता. माझ्या गाडीवर मागं बसून त्या निम्मं गाव फिरल्या. गुडघा दुखायला लागल्यावर उरलेली मला दिली. मुसलमान घरांतली बिनबोभाट पोचली, त्यांच्यात नाव बदलायची रीत नाही. बाकी ठिकाणी गंमत. एका दारात सासूबाई म्हणाल्या, "असलं कोन न्हाई इथं, पुढं इचारा." मी वळलो तर माडीवरून पावलं धाडधाड वाजली आणि पन्नाशीची एक बाई पिठाच्या हातांनी उंबऱ्यात आली. "मीच की ती! थांबा, जाऊ नका!" सासू सुनेकडं बघतच राहिली. तीस वर्षं एका चुलीवर जेवलेली, आणि सोयरीक ठरवताना ऐकलेलं नाव पार विसरून गेली होती.

दसऱ्याला सभासद चौतीस झाल्या. बाईंचे भाऊ स्वतः वर जाऊन मोजून आले आणि हॉलला नवे पंखे लावून दिले. सभासदांची कार्डंही मीच छापली, त्यावर बाईंनी एकच नाव घालायला लावलं, जिला जे हवं ते. चौतिसांपैकी अठ्ठावीस जणींनी शाळेतलं घेतलं. पुढं सहा-सात वर्षं ती जिम चालली. मग बाई मुलाकडं पुण्याला गेल्या, छापखाना बंद झाला, मी इकडं आलो. त्या हॉलमध्ये आता मोबाईलचंच दुकान आहे. भालकीला गेलो की मी त्या रस्त्यानं जात नाही.

त्या चौतिसांत आमची आई होती. तिचं पाकीट मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. नुसतं हातात द्यायचं, एवढंच काम, पण जमेना. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो. वडील शेताकडं गेलेले. आई मोरीत भांडी घासत होती. मी चपला काढल्या नाहीत. परका माणूस उभा राहतो तसा उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि पाकिटावरचं नाव मोठ्यानं वाचलं.

भांड्यांचा आवाज थांबला.

मग ती बाहेर आली, कोपरापर्यंत राखेचे हात. आधी माझ्या मागं रस्त्यावर बघितलं, कुणी आलंय का म्हणून. मग माझ्याकडं.

"कोन म्हनलं रे?"

"मीच."

"तुला कोनी सांगितलं?"

मी पाकीट पुढं केलं. तिनं हात पदराला पुसले, पाकीट घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. फोडलं नाही. तिचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता. आई कमी आणि कुणाची तरी मुलगी जास्त दिसत होती.

"परत म्हन," ती म्हणाली.

मी परत हाक मारली. आईनं ओ दिली.