म्हशीसाठी लावलेली कुंती

मी आयुष्यात एकदाच चोरी केली, आणि तीसुद्धा म्हशीसाठी. (लोकांच्या झाडाचे आंबे मी चोरीत धरत नाही. ते खाली पडलेले होते.)

आमचं घर वलवणला. माझा मुलगा संपत याने घरामागे दोन खोल्या बांधल्या आणि रस्त्यावर पाटी लावली, ‘होमस्टे’. लोणावळ्याला येणारी माणसं हॉटेल सोडून आमच्याकडे राहणार, असा त्याचा बेत. खोल्या झाल्या चांगल्या. पुढे पडवी, पडवीत वेताच्या खुर्च्या. फक्त त्या खुर्चीत बसलं की डोंगर दिसायच्या आधी आमचा गोठा दिसायचा, आणि गोठा दिसायच्या आधी त्याचा वास यायचा. गोठ्यात सगुणा. सगुणा म्हणजे माझी म्हैस.

पहिले पाहुणे नाकाला रुमाल लावून चहा प्यायले. ते त्यांनी कसं जमवलं, मला अजून कळलेलं नाही.

ते गेल्यावर संपत म्हणाला, “आई, सगुणाला देऊन टाकू. कामशेतचा एक जण मागतोय.”

“मग मलाबी दे.”

“तुला कोन घेतंय?”

खरं बोलतो. माझ्यावर गेलाय.

आता मला म्हशीची फार माया आहे असं समजू नका. ती लाथ मारते, शेणाची शेपटी तोंडावर फिरवते आणि दूध काढताना मुद्दाम पाय बादलीत घालते. पण पहाटे उठून धार काढायची नाही, शेण भरायचं नाही, तर मी या घरात करायचं काय? भिंतीला टेकवून ठेवलेल्या पोत्यासारखं बसायचं? हे मी संपतला सांगितलं नाही. त्याला एवढंच म्हणाले, “गोठा दिसणार न्हाई आन् वासबी येणार न्हाई, असं केलं तर?”

“कसं करशील?”

“कुंती लावते. मदी कुंपण.”

कुंती बारा महिने हिरवी असते. मोकळी वाढू दिली की गच्च होते, आणि पांढरी फुलं आली की चार घरं पलीकडे वास जातो. धरणाकडच्या बंगल्यांना तिचीच कुंपणं आहेत. संपतने तीन पावसाळ्यांची मुदत दिली. तिसऱ्या दिवाळीला गोठा दिसला किंवा वास आला, तर कामशेतचा माणूस दावं सोडणार. तोवर पाहुण्यांना घराच्या पुढच्या अंगाला बसवायचं ठरलं.

माझी सून मनीषा म्हणाली, “आत्या, नर्सरीतून रोपं आणू की.”

“विकतचं न्हाई जगत. मागितलेलं तर मुळीच न्हाई. चोरलेलीच फांदी धरते.”

हे आमच्याकडे सगळ्या बायकांना माहीत असतं. मनीषाने मोबाइलमध्ये बघितलं. मोबाइलला माहीत नव्हतं.

आषाढात, भर दुपारी, प्लास्टिकच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन आणि विळा पदराखाली लपवून मी धरणाजवळच्या एका बंगल्यावर गेले. पहिलीच फांदी धरली तोच वॉचमन आला. किसन. आमच्याच गावचा.

“मावशी, काय पायजे?”

“काय न्हाई. चोरी करतीय.”

“चोरी कशाला? मागा की. मी देतो तोडून.”

“देऊ नगंस! दिलेली मरती. तू तिकडं तोंड कर.”

किसन गुणाचा. पाठ करून उभा राहिला. पण त्याला गप्प राहवेना. “मावशी, त्या कोपऱ्याची जून हाय, ती घ्या. कवळी कुजंल.”

“तू बगतोयस व्हय रं?”

“न्हाई. आवाजावरनं सांगतोय.”

एवढ्यात वर गॅलरीत बंगल्याचे शेट आले. म्हटलं, आता आरडाओरडा होईल, म्हणजे चोरी पक्की होईल. तर ते वरून हात हलवून म्हणाले, “घ्या आजी, हव्या तेवढ्या घ्या. किसन, त्यांना पिशवी दे.”

सत्यानाश. इतकी राजीखुशीची चोरी मावळात कोणी केली नसेल. पिशवीभर फांद्या घेऊन मी रडकुंडीला येऊन घरी आले. त्यातल्या निम्म्या जगल्या. किसनच्या पाठीमागे तोडलेल्या जगल्या आणि शेटच्या डोळ्यांसमोरच्या मेल्या, असं मी सगळ्यांना सांगते. कोणती कुठली होती, हे मला तरी कुठं ठाऊक?

पहिल्या वर्षी कुंती वीतभर वाढली. या वेगाने ती सगुणाच्या गुडघ्याला लागेपर्यंत मी वर गेले असते. म्हणून मी रोज सकाळी पाट्या भरभरून ताजं शेण तिच्या बुडात टाकायला लागले. मनीषा म्हणाली, “आत्या, मोबाइल म्हणतोय की कुजलेलं टाकायचं.” मी म्हटलं, हितं पडल्यावर कुजंलच की.

कुजलं. कुंतीने पानं काढली, हिरवीगार, गच्च. फूल एक नाही. आणि एक दिवस संपत पडवीतल्या खुर्चीत बसला आणि तसाच उठला.

“आई, गोठा तीस पावलं लांब होता ना?”

“व्हय.”

“आता पाच पावलांवर आलाय.”

बरोबरच होतं. ज्या वासापायी कुंपण घातलं, तोच मी पाट्यांनी वाहून पाहुण्यांच्या नाकाखाली नेऊन ठेवला होता. डोकं माझंच. चौथीनंतर शाळा सोडली ती उगाच नाही.

दुसऱ्या वर्षी शेण बंद केलं. कुंती कमरेला आली, शेंड्याशेंड्यांना कळ्या धरल्या. मी दोन दिवस भाचीकडे देहूरोडला गेले. परत येते तर संपतने कुठूनशी मोठी कात्री आणून सगळं कुंपण वरून कापून टाकलेलं. टेबलासारखं. त्यावर ताट ठेवून जेवता आलं असतं.

“बंगल्यासारखं दिसतंय का न्हाई?” संपत खुशीत.

“मुडद्या, कुंतीचं फूल शेंड्याला येतं.”

“मग?”

“मग शेंडे कुटं हायेत?”

शेंडे सगुणापुढे पडले होते. ती माझ्या वर्षभराच्या मेहनतीला एकदा हुंगून लघवी करून मोकळी झाली.

तिसऱ्या वर्षी मी कुठे म्हणून गेले नाही. कात्री धान्याच्या कणगीत लपवली. कुंती डोक्याच्या वर गेली, गोठा पार झाकला. पण दसरा झाला तरी फूल नाही. संपत पडवीत उभा राहून नाक वर करायचा आणि म्हणायचा, “दिसत न्हाई, हे कबूल. पण येतोय.” दिवाळीच्या आधीच्या रविवारी यायला त्याने कामशेतच्या माणसाला सांगून टाकलं. मी सगुणाला धुतलं, शिंगांना तेल लावलं. देताना तरी बरी दिसावी. ती पोळ्याला चुकून नटवल्यासारखी दिसत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. म्हणून मी तिला शिव्या दिल्या.

शुक्रवारी अवेळी पाऊस झोडपून गेला. आणि रविवारी सकाळी बघते तर अख्खी कुंती पांढरी. पान दिसेना. वास असा की शेणाचा काय, मनीषाच्या लसणाच्या फोडणीचासुद्धा पत्ता लागेना. मी संपतला हाताला धरून पडवीत आणलं. “घे वास.”

त्याने घेतला. तीन वेळा शिंकला. “जिंकलीस,” म्हणाला. “त्या मानसाला फोन करतो, येऊ नको म्हनून.”

फोन लावेपर्यंत खोलीचं दार उघडलं. आदल्या दिवशी आलेले पुण्याचे नवरा-बायको बाहेर आले. बाईंनी कपाळ धरलेलं.

“अहो, हा वास कसला आहे? माझं डोकं फुटायची वेळ आलीय.”

“फुलांचा हाय,” मी म्हटलं.

“बंद करता येईल का?”

त्यात मधमाश्या आल्या. एक त्यांच्या चहात पडली, एक साहेबांच्या टकलावर बसली. दोघं पडवीतून पळाले. संपतने फोन खिशात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला वाटलं आता कामशेतवाल्याला म्हशीबरोबर मलाही फुकट देणार.

पाहुणे सापडेनात. शोधलं, तर दोघं गोठ्यात. बाई शेणाच्या उपड्या पाटीवर बसून सगुणाच्या कपाळावर हात फिरवतायत.

“इथे किती बरं वाटतंय,” बाई म्हणाल्या. “गावाचा वास आहे हा खरा. आणि हिला सजवलंय किती छान. अशी म्हैस तुम्ही झाडामागे लपवून का ठेवलीय?”

मी संपतकडे बघितलं. संपतने वर बघितलं. तेवढ्यात कामशेतचा माणूस हातात दावं घेऊन आत आला. साहेबांनी तोवर सगुणाचे वीसेक फोटो काढले होते. ते म्हणाले, “विकताय? मग पुढच्या वेळी आम्ही कशाला यायचं?”

दावं घेऊन आलेला माणूस चहा पिऊन गेला. सगुणाच्याच दुधाचा.

दुसऱ्या दिवशी संपतने कणगी उपसून कात्री काढली आणि गोठ्यासमोरची कुंती बुडापासून कापली, म्हणजे पडवीत बसून म्हैस दिसावी. तीन वर्षांची कुंती. मी ओटीवर बसून बघत होते. बोलायला तोंड नव्हतं, म्हैस तर राहिली होती. फक्त नळाजवळचा एक गच्च तुकडा त्याने ठेवला. का ठेवला, ते मला पुढच्या शनिवारी कळलं.

त्या शनिवारी आलेल्या एका बाईंनी सगुणाच्या गळ्यात हात टाकून फोटो काढला आणि मला दाखवून विचारलं, “आजी, कशी आलेय मी?”

मी म्हटलं, “म्हैस बरी आलीय.”

संध्याकाळी संपतने माझी खुर्ची उचलून नळापाशी नेली. “आई, राग मानू नको. पाव्हणे हायेत तवर जरा कुंतीमागं बसत जा.”

आता सगुणा पुढे असते आणि मी मागे बसते. धार काढायला बोलावतात तेवढी बाहेर येते. कुंपण मात्र वाया गेलं नाही म्हणायचं. तिकडून मी अजिबात दिसत नाही. फक्त ऐकू येते.