रेघा नसलेलं ड्युटीचं शीट

त्या माणसाचा मला राग आहे आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून दोन्ही बाजू मांडायची अपेक्षा ठेवणार नाही.

दापोड्याच्या एका गोडाउनमध्ये मी कॉम्प्युटरवर बसते. सकाळी कामतघरहून शेअर रिक्षा, मग दिवसभर पत्र्याची केबिन. आलेल्या-गेलेल्या मालाच्या नोंदी करायच्या आणि दर शनिवारी पॅकिंगच्या चाळीसेक बायकांचं पुढच्या आठवड्याचं ड्युटीचं शीट बनवायचं. डावीकडे नाव, त्याला लागून गाडीचा कॉलम, मग सोमवार ते रविवार. कंपनीच्या गाडीने येणारीच्या गाडीच्या डब्यात, म्हणजे त्या कॉलमच्या चौकोनात, फुली, आपली आपण येणारीचा डबा रिकामा. ड्युटीच्या दिवशी शिफ्टप्रमाणे एक किंवा दोन. सुट्टी असेल तर तोही डबा रिकामा. स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकला की माझा शनिवार संपला.

बायका ते शीट वाचत नसत, मोजत. मोबाइलवर मोठं केलं की वरची वारांची ओळ बाहेर निघून जाते. मग आपलं नाव शोधायचं, त्यावर बोट ठेवायचं आणि एकेक डबा उजवीकडे सरकायचं. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, त्यांनीच शोधून काढलं होतं. पडघ्याच्या पलीकडच्या गावातून एसटीने येणारी एक मावशी यात पटाईत. तेहतिसावी ओळ तिची. माझ्या केबिनच्या दारात उभी राहून ती पुटपुटायची, "गाडी न्हाय, सोम हाय, मंगळ हाय." पावसाळ्यात परसातल्या काकड्या आणून माझ्या टेबलावर ठेवायची आणि धन्यवाद म्हटलं की तोंड वाकडं करायची.

मग मुंबईच्या ऑफिसातून नवीन मॅनेजर आला. माल चुकीच्या रॅकवर जात होता, पंखे बंद होते, बायकांच्या संडासाला कडी नव्हती. त्याला खटकलं माझं शीट. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून तो म्हणाला की हे शाळेच्या गणिताच्या वहीसारखं दिसतं, वरच्या लोकांना पाठवायची लाज वाटते. मागच्या सगळ्या रेघा काढून टाका. मी म्हटलं, बायकांना डबे लागतात. तो हसला. असं हसणं मला ओळखीचं आहे. शिकलेला माणूस कमी शिकलेल्याला माफ करतो तेव्हा असा हसतो.

"मॅडम, आकडे दिसतायत ना? मग डबे कशाला?"

निदान बारीक बॉर्डर देते म्हटलं, तर तेही नको. त्याला क्लीन पाहिजे होतं. व्ह्यूमध्ये जायचं, ग्रिडलाइन्सच्या पुढची खूण काढायची, बस. एका क्लिकमध्ये सगळ्या रेघा गेल्या. आणि खोटं कशाला बोलू, ते दिसलं छान. पांढऱ्यावर आकडे, मध्ये कसली गिचमिड नाही. मला क्षणभर स्वतःचंच कौतुक वाटलं. ग्रुपवर टाकताना खाली लिहिलं, नवीन फॉरमॅट. कोणीतरी अंगठा दाखवला.

त्याच आठवड्यात मावशीने पुढच्या सोमवार-मंगळवारची अशी दोन दिवसांची रजा मागितली होती. लेकीला शहापूरहून बाळंतपणाला आणायचं होतं. मॅनेजरने एकच दिवस दिला, सोमवार. तिला ते तोंडाने कोणी सांगितलं नाही, कारण आमच्याकडे शीट हेच उत्तर असतं. तिने सुनेच्या मोबाइलवर शीट उघडलं. नाव, त्यानंतर दोन डब्यांची पांढरी जागा, मग आकडे. त्यातला पहिला डबा गाडीचा होता, नेहमीसारखा रिकामा. दुसरा सोमवारचा. मधली रेघ गेल्यावर ती दोन दिवसांची सुट्टी दिसली. मागितली होती तेवढीच. पुढचे आकडे कोण मोजत बसतं?

मंगळवारी ती आली नाही.

आमच्याकडे महिन्यात तीन वेळा न कळवता गैरहजर राहिलं की गेटपास बंद होतो. तिचे दोन आधीच भरले होते. दोन्ही वेळा हायवेवर ट्रक अडकून एसटी थांबली होती. अर्ध्या तासापेक्षा जास्त उशीर म्हणजे गैरहजर, हा नियमसुद्धा त्याच साहेबाचा. मंगळवारी दुपारी मी त्याच्यासमोर गेले आणि काय झालं ते बोट दाखवून समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शीटमध्ये मंगळवारी एक लिहिलंय ना, एवढंच विचारलं. लिहिलं होतं. मग त्याने माझ्याकडूनच पास बंद करून घेतला. मी केला. त्याच्या अंगावर कीबोर्ड फेकायला हवा होता, पण घरी म्हाताऱ्या बापाचा दमा आहे आणि केबिनची ही खुर्ची मलाही टिकवायची होती.

बुधवारी सकाळी वॉचमनने मला गेटवर बोलावलं. मावशी बाहेर उभी होती, डब्याची पिशवी काखेत. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि त्या पांढऱ्या जागेवर दोनदा बोट टेकवलं.

"ह्ये बघ. दोन डबे रिकामे हायत का न्हाय?"

मी म्हटलं, मावशी, पहिला गाडीचा आहे. तिने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. तिला लगेच कळलं. तीन वर्षं "गाडी न्हाय" म्हणूनच ती मोजायला सुरुवात करत होती.

"रेघा कोनी पुसल्या?"

मी साहेबाचं नाव घेतलं.

"त्याला ह्यातलं काय कळतं? कॉम्प्युटरवर तू बसतेस." मग पिशवी दुसऱ्या काखेत घेत ती म्हणाली, "मना यकदा सांगाचं व्हतंस."

ती ओरडली नाही. वळली आणि पडघ्याच्या एसटीसाठी नाक्याकडे चालू लागली. वॉचमन माझ्याकडे बघत होता, त्याच्यावरच मी उगाच खेकसले.

त्या शनिवारी मी अख्खं शीट सिलेक्ट केलं आणि प्रत्येक डब्याला जाड काळी बॉर्डर दिली. मॅनेजर तणतणत आला. ग्रिडलाइन्स बंदच आहेत सर, मी म्हटलं, ह्या बॉर्डर आहेत, नको असतील तर तुम्ही काढा. तो माउस घेऊन बसला. तीन मेनू उघडून पाहिले, एकदा सगळ्या आकड्यांचा रंग लाल करून ठेवला आणि फोन आल्याचं निमित्त करून उठला. त्यानंतर त्याने विषय काढलेला नाही. बोलते मी त्याच्याशी कामापुरतंच. तो चहा मागवतो तेव्हा मी नको म्हणते.

तेहतिसाव्या ओळीवर आता दुसरीच बाई आहे. तीही एसटीने येते. तिच्या गाडीच्या डब्यात मी दर शनिवारी "नाही" असं लिहिते, म्हणजे तो रिकामा राहत नाही. एक शब्द टाइप करायचा असतो. तो त्या शनिवारीही मला करता आला असता, त्याला कुठल्या साहेबाने मनाई केली नव्हती.