शेवटची नळी

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी धायरीतल्या एका बांधावरची माती पिशवीत भरून आणली. त्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूवर माझं चार वर्षांचं काम उभं होतं. आता त्या बांधावर सात मजली सोसायटी आहे. गोठवलेला साठा फ्रीझर बिघडला तेव्हाच गेला होता. उरल्या तीन नळ्या.

अन्न नसताना पेशी कशी तगते, हा माझा विषय. म्हणून नळ्यांत जिवाणू नुसत्या पाण्यात ठेवले होते. ठेवायच्या होत्या दोन आठवडे, पण मला कावीळ झाली आणि त्या पाच महिने तशाच राहिल्या. उपाशी पेशी आकसते, वाढ थांबवते, स्वतःच्याच आतलं गरजेचं नसलेलं मोडून त्यावर दिवस काढते. हे मी लोकांना आकृत्या काढून सांगत असे.

परत आल्यावर मी पहिल्या नळीतले जिवाणू घट्ट, पौष्टिक रसात सोडले. ते वाढले असते तर रस गढूळ झाला असता. तो स्वच्छच राहिला. दुसऱ्या नळीला आणखी पौष्टिक रस दिला. तोही स्वच्छ. आमच्या घरी उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वर बटाट्याचा कीस. उपाशी जिवाला भरपूर वाढायचं, एवढंच माझ्या अंगात मुरलेलं.

प्रयोगशाळेत हे रस शिजवायचं काम चाचांचं. वीस वर्षं तेच करत आलेले. त्यांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या.

"किती दिवसांचे उपाशी होते, मॅडम?"

"पाच महिने."

"आणि आपण थेट पंगतीला बसवलंत? छान." मग जरा नरमले. "अहो, आम्ही एका दिवसाचा रोजा खजूर आणि पाण्यावर सोडतो. बिर्याणी नंतर."

एकदम मिळालेलं अन्न उपाशी पेशीला सोसत नाही, हे मी वाचलेलंही होतं. माझी मलाच चीड आली. तिसऱ्या नळीसाठी रसात शंभरपट पाणी घातलं. ही गेली की सगळं संपलं.

पाचव्या दिवशी सकाळी नळीत पुसट धुकं दिसलं. मी चक्क रडले. मग पेढे घेऊन चाचांकडे धावले. ते नुकताच शिजलेला रस बाहेर काढत होते, खोलीभर मटणाच्या रश्श्यासारखा वास.

"संध्याकाळी खाईन, मॅडम. रोजा आहे ना. आज अठ्ठाविसावा."

खजुराचं ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. जिवाणूंच्या उपासाचा एकेक दिवस माझ्या वहीत होता. चाचा अठ्ठावीस दिवस उपाशीपोटी त्या वासात उभे राहून जिवाणूंचं जेवण शिजवत होते. पुढे केलेला पेढा पुड्यात परत ठेवताना मला मान वर करवेना.