लफेव्र आडनावाची वही

शनिवारी सकाळी ऑफिसात शिरलो, तर लफेव्रच्या टेबलावरचा दिवा बंद होता. अकरा वर्षांत तो माझ्यानंतर कधी आला नव्हता. थोड्या वेळाने आमचा केरळी टाइमकीपर जिना चढून वर आला आणि म्हणाला, "जोशी साब, लफेव्र साब खलास." खलास हा शब्द आम्ही इथे बहारीनमध्ये दिवसातून पन्नास वेळा वापरतो. काम संपलं, खलास. चहा संपला, खलास. मला वाटलं, नोकरी सोडली की काय यानं... मग टाइमकीपरने हात छातीवर ठेवून दाखवला. आदल्याच दिवशी, शुक्रवारी दुपारी, लफेव्र आमच्याकडे वरणभात जेवून गेला होता. जाताना माझ्या बायकोला म्हणाला होता, "मॅडम, आज मीठ बरोबर." नंतर कधीतरी, बुदैया रस्त्यावरच्या आपल्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला.

त्याला सहा आठवडे झाले. लिहायला बसतो आणि उठतो. गेलेल्या माणसावर लिहिताना लिहिणाराही थोडा उजळ होऊन निघतो, अशी आपल्याकडे रीत आहे. इथे ती सोय नाही. या लेखात मी चांगला दिसणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सत्याहत्तर साली मी पुण्याहून इथल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत ड्राफ्ट्समन म्हणून आलो. दोन महिन्यांनी लफेव्र आला. कंपनीच्या कागदावर नाव होतं आंत्वान लफेव्र, नागरिकत्व फ्रेंच. विमानतळावर आमचा ड्रायव्हर पाटी धरून उभा होता आणि गोऱ्या साहेबाची वाट पाहत होता. त्याच्यासमोर एक काळासावळा, शिडशिडीत तमिळ माणूस बॅग घेऊन उभा होता आणि नम्रपणे सांगत होता, "तो मीच." ड्रायव्हरने त्याला तीनदा बाजूला व्हायला सांगितलं. पुढे कंपनीतही तेच. युरोपियन लोकांच्या मेसमध्ये त्याच्यासाठी राखलेली खोली अचानक दुरुस्तीला निघाली आणि त्याची रवानगी मनामात, माझ्या फ्लॅटमधल्या रिकाम्या खाटेवर झाली. आल्या आल्या त्याने मला जे सांगितलं ते अजून कानात आहे. "आडनाव पाहून खोली राखली, तोंड पाहून तुझ्याकडे पाठवलं." आणि हसला. आमचं बोलणं इंग्रजीत, अधूनमधून मोडक्या हिंदीत चाले. इथे ते मराठीत देतो आहे.

तो पाँडिचेरीचा. तिथे फ्रेंचांचं राज्य असताना, शंभरेक वर्षांपूर्वी, एक कायदा आला. आपली जात आणि जातीचे कायदे सोडले, आता फ्रेंच कायदा मानतो, असं रजिस्टरात लिहून दिलं की माणसाला नवं आडनाव घेता येई. लफेव्रचा पणजोबा बंदरात ओझी वाहायचा. तो गेला आणि नाव बदलून आला. आयुष्यात त्याने लिहायला शिकलेला शब्द एकच, स्वतःचं नवं आडनाव. कारकुनाने पाटीवर काढून दिलं, ते तो आठ दिवस वाळूत गिरवत बसला होता म्हणे. ही हकिकत लफेव्र इतक्या अभिमानाने सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, पणजोबांनी किल्लाच जिंकला होता. आता वाटतं, जिंकलाच होता.

या आडनावाची त्याने एक वही केली होती. जाड पुठ्ठ्याची, गोदीत ड्रॉइंगची नोंद ठेवायला असते तशी. लफेव्र म्हणजे लोहार. फ्रान्सभर लोहार, म्हणून फ्रान्सभर लफेव्र. कुठे ते आडनाव नुसतं फेव्र होतं, कुठे लफेब्यूर, दक्षिणेत फाब्र आणि फोर. एका प्रकारात मध्ये एक अक्षर जास्तीचं घालतात आणि उच्चारत मात्र नाहीत. हे सगळं त्याने वहीत पहिल्या चार पानांवर झाडाच्या फांद्यांसारखं काढलं होतं. पुढे या आडनावाची नामवंत माणसं, एकेकाला नंबर. सेनापती, बिशप, गणिती, चित्रकार, सायकलच्या शर्यतीत पडून हात मोडलेला एक जण, एक विमान चालवणारी बाई. ग्रंथालयात जुनी मासिकं चाळून, वर्तमानपत्रातली कात्रणं कापून त्याने ही भावकी जमवली होती. या सगळ्यांना तो "माझे चुलते" म्हणायचा. आणि नंबर एक कोण? बंदरातला हमाल, त्याचा पणजोबा. "बाकीच्यांना आडनाव आयतं मिळालं," तो म्हणायचा. "यानं ते घेतलं."

कामात लफेव्र चेकर होता. आम्ही ड्रॉइंग काढायचं, त्याने तपासायचं. बरोबर असलेल्या प्रत्येक आकड्यावरून पिवळी पेन्सिल फिरवायची, चुकलेल्याभोवती लाल गोल करायचा. बरोबर आकडा कोणता, हे तो कधीच लिहून देत नसे. "चूक तुझी, शोध तूच," म्हणायचा. लाल गोल असलेला कागद काढणाऱ्याच्या टेबलावर परत येई. तो दुरुस्त करून पुन्हा लफेव्रकडे नेला की मगच तो सही करी. तोवर त्या कागदाचा विषय संपला असं तो मानत नसे, मग महिना जावो. माझ्या अक्षरावर मात्र तो खूश होता. "जोशी, तुझ्या चुकासुद्धा वाचायला सोप्या."

आता माझ्याकडे वळतो. माझं आडनाव जोशी. ते सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. समोरचा आपोआप पाट मांडतो. आणि आपल्या मराठी माणसाला दुसऱ्याचं आडनाव कळल्याशिवाय चैन पडत नाही. कळलं आणि त्यावरून माणूस कुठे बसवायचा ते ठरेना, तर आणखी अस्वस्थता. लफेव्रशी ओळख झाल्यापासून मी त्याला खोदून खोदून विचारत होतो. "ते सगळं ठीक आहे रे, पण मूळचं आडनाव काय?" तो हसून दुसऱ्या चुलत्याची गोष्ट काढायचा. तीन वर्षं त्याने मला दाद दिली नाही. मग एका शुक्रवारी आम्ही झल्लाकच्या किनाऱ्यावर गेलो होतो. माझी बायको नीला तोवर पुण्याहून आली होती, ती आमच्या लहान मुलीला घेऊन पाण्याकडे गेली होती. लफेव्रने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. रजिस्टरातल्या त्या पानाची प्रत. डाव्या बाजूला जुनं नाव आणि जात, उजव्या बाजूला नवं आडनाव, खाली पणजोबांची वेडीवाकडी सही. "हे कुणाला दाखवलं नाही," तो म्हणाला. "तू सारखा विचारतोस, आणि तू माझा मित्र आहेस." मी वाचलं, परत दिलं. म्हणालो, "सही छान आहे."

ते जुनं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं, तेवढं पुरे झालं.

ऐंशी साली वसईची फिलोमिना नावाची नर्स त्याच्या आयुष्यात आली. चर्चमध्ये ओळख झाली. हसरी, सडेतोड मुलगी. नीलाशी मराठी बोलायला मिळतं म्हणून आमच्याकडे यायची आणि लफेव्रला शिकवायची, "हे वरण, ही आमटी, दोन्ही एक नव्हे." दोघांनी लग्नाचं ठरवलं. तिचे वडील वसईला निवृत्त शाळामास्तर. एक दिवस ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मला म्हणाली, "जोशीभाऊ, पप्पांचं पत्र येईल तुम्हाला. त्यांना घराण्याचं फार असतं. जरा सांभाळून लिहा, हां."

पत्र आलं. सुरेख वळणाचं मराठी. "श्री. आंत्वान यांनीच आपले नाव सर्वांत जवळचे मित्र म्हणून सुचवले आहे. मुलगा कसा आहे, घराणे मूळचे कोणते, हे आपण निःसंकोच कळवावे." आपल्याकडे असं पत्र येणं हा मान असतो. स्थळाची चौकशी ज्याच्याकडे करतात तो चार लोकांतला माणूस ठरतो. मी तो मान अंगाला लावून घेतला. टेबल पुसलं, चांगला कागद काढला, शाईचं पेन भरलं. मुलगा निर्व्यसनी आहे, कामात चोख आहे, कुणाचं वाईट चिंतत नाही, हे लिहिलं. मग घराण्याविषयी लिहिलं. फ्रेंच आडनाव कसं आलं, त्याआधी काय होतं, जात कोणती. सगळं, झल्लाकच्या वाळूवर वाचलं होतं तसं.

नीलाने ते वाचलं आणि कागद माझ्यापुढे परत सरकवला. "अहो, त्यांनी मुलगा कसा ते विचारलंय. पणजोबा कसे होते, हे कशाला?"

"घराणं विचारलंय. खोटं कसं लिहू?"

"खोटं लिहू नका. लिहूच नका तेवढं."

"उद्या त्यांना दुसरीकडून कळलं तर आपण तोंडघशी पडू."

"पडू की," ती म्हणाली आणि भाजी चिरायला निघून गेली.

मी स्वतःला सत्यवादी समजत होतो. पण खरं सांगायचं तर, ते जुनं नाव माझ्या अक्षरात कागदावर उतरल्यावर मी मनातल्या मनात एक पाऊल मागे सरकलो. आणि शेवटी आणखी एक वाक्य घातलं. ते कोणतं, ते पुढे येईलच. फिलोमिनाने सांभाळून लिहायला सांगितलं होतं. मी सांभाळलं ते स्वतःला.

महिन्याभरात मास्तरांचं दोन ओळींचं उत्तर आलं. "आपल्या स्पष्टपणाबद्दल आभारी आहे." फिलोमिनाने कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर पुढे वाढवलं नाही, वसईला परत गेली. जाण्यापूर्वी ती आमच्याकडे आली नाही. लफेव्र ऑफिसात माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "तिच्या वडिलांना पसंत नाही. खलास." मी विचारलं, "कारण काय?" तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सांगितलं नाही." मला सुटल्यासारखं वाटलं... ही गोष्ट लिहिताना आज हात थांबतो, पण वाटलं होतं, हे खरं आहे. त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त जेवलो असेन.

त्यानंतर सात वर्षं तो दर शुक्रवारी आमच्याकडे जेवला. माझ्या मुलीला त्याने सगळे चुलते पाठ करवले. ती इंग्रजी शाळेतली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीतून. लफेव्रला मात्र "काका" म्हणायची, तेवढा शब्द मराठी. तिला तो विचारायचा, "नंबर एक कोण?" ती ओरडायची, "द मॅन विथ वन वर्ड." दोघं हसायची. मी पाण्याचा तांब्या भरायला उठायचो. मन खात होतं, पण मी त्यालाही समजावून गप्प केलं होतं. लफेव्रला कुठे ठाऊक आहे, म्हणून. त्याने लग्न केलं नाही. नीला आल्यावर कंपनीने आम्हाला वेगळा फ्लॅट दिला, तेव्हा त्याने बुदैया रस्त्यावर खोली घेतली होती, खजुराच्या वाडीला लागून. तिथेच राहिला.

तो गेल्यावर खोली आवरायला मीच गेलो. पाँडिचेरीहून त्याच्या बहिणीचा फोन आला होता, "कपडे वाटून टाका, आणि तो सांगायचा, एक पाकीट तुमच्या नावाचं ठेवलंय, ते तुम्ही घ्या." सामान ते किती! चार शर्ट, एक क्रूस, पेन्सिलींचा डबा. पाकिटात ती वही होती. मी उभ्या उभ्या चाळली. झाडाच्या फांद्या, सेनापती, बिशप, सायकलवाला. शेवटच्या पानांवर "आडनावाविषयी इतरांनी लिहिलेले" असं शीर्षक, आणि त्याखाली कात्रणं चिकटवलेली. फ्रेंच, इंग्रजी, एक तमिळ. आणि सगळ्यांत शेवटी, चारी कोपरे नीट चिकटवलेलं, मराठी.

माझं पत्र.

मास्तरांनी ते मुलीला पाठवलं असणार, मुलीने त्याला दिलं. ओळींच्या मधल्या जागेत फिलोमिनाने शिसपेन्सिलीने इंग्रजी अर्थ लिहून दिला होता, शब्दाला शब्द. एका ठिकाणी पेन्सिल दाबून कागद फाटला होता. म्हणजे ज्या दिवशी मी त्याला कारण विचारलं, त्या दिवशी त्याला कारण माहीत होतं. आणि ते माहीत असून सात वर्षं तो दर शुक्रवारी आमच्याकडे जेवला होता. मी त्याच्या खुर्चीत बसलो. मला त्याच खुर्चीत बसायची लाज वाटली आणि उठून खाटेवर बसलो.

त्याने पत्र तपासलं होतं. निर्व्यसनी आहे, यावरून पिवळी रेघ. कामात चोख, पिवळी. मग पणजोबा, रजिस्टर, जुनं नाव, जात. एकेका शब्दावरून सावकाश फिरवलेली पिवळी पेन्सिल. त्यात त्याला काहीच चुकीचं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याची लाज बाळगत होतो, ते सगळं त्याने बरोबर म्हणून सोडून दिलं होतं.

लाल गोल एकच होता. शेवटच्या वाक्याभोवती. "आमची ओळख फक्त कामापुरती आहे."

शेजारी काही लिहिलेलं नव्हतं. तो कधी लिहीत नसे.

वही आता माझ्या टेबलावर आहे, त्याच पानावर उघडी. नीला रोज पुसताना ती उचलते आणि तशीच उघडी परत ठेवते. परवा मी शाईचं पेन भरलं, ते वाक्य खोडलं आणि वर नीट अक्षरात लिहिलं, "आंत्वान लफेव्र माझा मित्र आहे." लिहून झाल्यावर सवयीने वही उचलली आणि उभा राहिलो. दुरुस्त केलेला कागद त्याच्या टेबलावर न्यायचा असतो.